पीएचडीची पाच वर्षं संपली, मुख्य निष्कर्षच चुकीचा निघाला. आता काय करू?

द्राक्षवेल

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिली वेळ. लांबलंय, पण तोडून सांगता येत नाहीये.

मी मूळची तासगावची, घरी द्राक्षबाग. ऑगस्ट 2020 मध्ये पुण्यातल्या एका संस्थेत जीवशास्त्राच्या पीएचडीला लागले, नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ फेलोशिप घेऊन. काम फळमाशीवर, म्हणजे ड्रोसोफिलावर. पिकून फुटलेल्या घडावर बारीक, तांबड्या डोळ्यांच्या माश्या घोंघावतात ना, त्यातलीच ती. पहिल्या दिवाळीला मी आप्पांना भिंगातून तिचे डोळे दाखवले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही माणसाच्या आजाराचं काय सांगणार?" मी म्हटलं, डोळा असो की पंख, एवढं वाढायचं आणि आता थांबायचं हे पेशींना ज्या यंत्रणेमुळे कळतं ती माशीत आणि माणसात जवळपास एकच आहे, तिला हिप्पो पाथवे म्हणतात. ती बिघडली की वाढ थांबत नाही. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत ते हेच कुणाला तरी समजावून सांगत होते, मी बांधावरून ऐकलं.

माझा प्रोजेक्ट म्हणजे एका जनुकाचं या यंत्रणेशी नातं शोधायचं. जनुकाचं नाव लिहीत नाही, लॅब लगेच ओळखू येईल. यॉर्की हे याच यंत्रणेतलं, वाढीला जोर देणारं प्रथिन. ज्या माश्यांच्या डोळ्यात ते मुद्दाम जास्त बनवलेलं असतं, त्यांच्यात आमचं जनुक आरएनएआयने गप्प केलं की डोळा आणखी फुगायचा, त्याला घड्या पडायच्या. पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लॅबमध्ये मी एकटीच. खुर्चीवरून उठून कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन पुन्हा बघितलं. गाईडना फोटो पाठवला, त्यांचं एका शब्दात उत्तर आलं, "सुंदर!" पुढची तीन वर्षं त्या फोटोवर उभी होती.

माशीचं काम कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्रॉस, म्हणजे ठरवून जोडी, लावायचा तर मादी कोरी, म्हणजे नराशी न जुळलेली, लागते. आम्ही व्हर्जिनच म्हणतो. 25 अंशांवर कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास मादी नराशी जुळत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढायची. म्हणजे सकाळी आठला सगळ्या व्हायल, म्हणजे माश्यांच्या छोट्या बाटल्या, झटकून रिकाम्या करायच्या, दुपारी माद्या काढायच्या, संध्याकाळी पुन्हा काढायच्या, आणि रात्री व्हायल 18 अंशांत ठेवायच्या, म्हणजे सकाळपर्यंत उसंत मिळते. हे रोज. रविवारी, लक्ष्मीपूजनाला, ताप असताना. तासगावचा गणपती दीड दिवसाचा, ऋषिपंचमीला त्याचा रथ निघतो आणि गाव दोरखंड धरून तो ओढतं. लहानपणापासून मी एकही रथ चुकवला नव्हता. या पाच वर्षांत एकदाच गेले.

चौथ्या वर्षी पेपर लिहायला घेतला. तेव्हा मीच म्हटलं की याच जनुकाच्या वेगळ्या तुकड्यावर बेतलेली दुसरी आरएनएआय लाइन, म्हणजे जनुक दाबणारा डीएनएचा तुकडा घातलेला माश्यांचा वाण, वापरून एकदा खात्री करूया. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या माशी-केंद्रातून लाइन मागवली, चार महिन्यांनी आली. क्रॉस लावला. डोळा यॉर्कीमुळे जेवढा मोठा होतो तेवढाच, त्यापुढे काही नाही. वाटलं, ही लाइन कमजोर असेल. क्यूपीसीआर केलं, म्हणजे जनुक किती चालू आहे ते मोजलं, तर या लाइनने जनुक जुन्या लाइनपेक्षा जास्त दबत होतं. मग म्यूटंट आणला, म्हणजे मुळात ते जनुकच बिघडलेली माशी. त्यातही काही नाही.

तेव्हा मी जुन्या व्हायलकडे वळले. लेबलवर फक्त जनुकाचं नाव आणि माझ्या आधी लॅबमध्ये असलेल्या कुणाची तरी आद्याक्षरं. लाइनचा क्रमांक नाही. मला पहिल्या आठवड्यात तीच व्हायल हातात दिली होती आणि मी तिच्यावर सगळं उभं केलं होतं. कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या, दोन दिवस चाळल्या, तेव्हा कळलं की लाइन व्हिएन्नाच्या केके लायब्ररीतली, म्हणजे तिथल्या आरएनएआय लाइनच्या एका संग्रहातली, आहे. ज्यांना माहीत आहे त्यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. या लायब्ररीतल्या सुमारे पाव लाइनमध्ये डीएनएचा तुकडा गुणसूत्रावरच्या ठरलेल्या 30बी या जागेऐवजी, किंवा तिच्या जोडीला, 40डी या जागी बसलेला आहे. 2014 मध्येच हे छापून आलंय. 2016 मध्ये आणखी एक पेपर आला, की त्या जागी बसलेल्या तुकड्यामुळे टिपटॉप नावाचं जनुक नको तिथे चालू होतं आणि हिप्पोवर अवलंबून असलेली वाढ बदलते. मी पीसीआर लावला, म्हणजे तुकडा कुठे बसलाय ते तपासलं. जेलवर पट्टी आली, स्वच्छ, जाड. माझी लाइन 40डीवालीच.

म्हणजे डोळा फुगत होता तो बहुधा टिपटॉपमुळे. आमच्या जनुकाचा त्याच्याशी संबंधच नाही. मी 1,140 डोळे मोजले होते.

गाईड म्हणाले, "मग यात काहीच उरलं नाही. नवीन जनुक घे, दीड-दोन वर्षांत होईल." ते दुष्ट नाहीत, माझ्यावर कधी ओरडलेलेही नाहीत. पण ती व्हायल बिनाक्रमांकाची कशी राहिली याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि लॅब मीटिंगमध्ये "तिचा प्रोजेक्ट फसला" असं म्हटलं जातं. जणू मी काहीतरी सांडलं.

फेलोशिप ऑगस्टमध्ये संपली. 31 हजारांवर सुरू झाले होते, जानेवारी 2023 पासूनच्या वाढीनंतर 42 हजार मिळायचे, आता शून्य. हॉस्टेल डिसेंबरपर्यंत आहे. वय 29. गौरी जेवणाला घरी गेले होते तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पाच वर्षं झाली, पोरगी पुण्यात बसून माश्या मारतीय." आप्पा काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. माझं काम खरंच माश्यांचं आहे, म्हणून ते जास्तच लागलं.

मला विचारायचंय ते हे. एवढ्यावर सोडून देऊन नोकरी बघू? नवीन जनुक घेऊन पैशांशिवाय दोन वर्षं काढू? की जे निघालं, म्हणजे काहीच नाही हे जे निघालं, त्याचाच थीसिस होतो का? असा कुणी केलाय का?

कॉलमवाली

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात होते, सोडून आता सहा वर्षं झाली. एका नैसर्गिक संयुगाचं संश्लेषण, 17 पायऱ्या, मी अकराव्या पायरीवर अडकले. त्या पायरीला उत्पादन यायचं चार टक्के, कधी तेही नाही. मिश्रणातून संयुग वेगळं काढायचे कॉलम चालवून चालवून हात सॉल्व्हंटने फुटले होते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सोडलं. आज हैदराबादला औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे, नोकरी मला मनापासून आवडते, सोडल्याचा पश्चात्ताप नाही. त्यामुळे सोडणं म्हणजे हरणं असं मी तरी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. जाताना मी काहीच नीट लिहून ठेवलं नाही. कोणते बेस वापरून झाले, कोणत्या तापमानाला संयुग फुटतं, सगळं माझ्या डोक्यात आणि वहीतल्या गिचमिड अक्षरात. माझ्या जागी आलेल्या मुलीने तीच पायरी आठ महिने केली. तेच बेस, तेच तापमान. हे मला तिनेच पुढे एकदा सांगितलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तू सोड किंवा राहा. पण ते 40डीचं लिहून काढल्याशिवाय जाऊ नकोस.

मास्तर_मिरज

ताई, मी विद्यापीठाच्या संशोधन विभागाच्या समित्यांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून नियमापुरतं बोलतो. हल्ली सगळे सांगतात की पेपरची अट गेली. ती 2022 च्या यूजीसी नियमावलीने गेली, आणि ती नोव्हेंबर 2022 पासून. तुमची नोंदणी त्याआधीची, म्हणजे तुम्हाला 2016 ची नियमावली लागू. तीत थीसिस देण्याआधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या, नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागतात. हे आधी बघा, नाहीतर थीसिस बांधून तयार आणि अर्ज परत अशी गत होते. मी ती झालेली पाहिली आहे.

मुदत सहा वर्षं. महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. नोंदणीच्या पत्रावरची तारीख बघा, प्रवेशाची आणि ती तारीख एकच असेल असं नाही. म्हणजे वेळ तुमच्याकडे आहे, पैसे नाहीत. गाईडांच्या एखाद्या प्रकल्पातून सहा महिने प्रोजेक्ट असोसिएट म्हणून घेता येतं का, हे लेखी विचारा.

थीसिसमध्ये निष्कर्ष होकारार्थीच हवा असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

स्पष्ट_बोलतो

माझं मत वेगळं आहे. नियमात बसणं निराळं आणि पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, मिळणं निराळं. मी स्वतः दोनदा अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलोय. शंभर अर्ज असतात, पहिली चाळणी पेपरांच्या यादीवरच होते. "आमचा निष्कर्ष चुकीचा होता" असं शीर्षक बघून कुणी थांबत नाही, कितीही प्रामाणिक असलं तरी. दोन वर्षं हातात असतील तर नवीन जनुक घ्या, एक नीट पेपर काढा. आत्ता दुःख आहे म्हणून घाईत सबमिट करू नका.

जुना_माशीवाला

द्राक्षवेल, मी तुला तू म्हणतो. मी 20 वर्षं माश्यांवर काम करतोय, पुण्यातून बाहेर पडलो, सध्या जर्मनीत आहे. तुझी पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आधी विज्ञान. तू जे केलंस त्यात एक दुवा कमी आहे आणि तो जोडायला महिनासुद्धा लागणार नाही. दुसऱ्या लाइनने होत नाही, म्यूटंटमध्ये होत नाही, 40डीची पट्टी आहे, हे सगळं बरोबर. पण 40डीमुळेच होतंय हे अजून तू दाखवलेलं नाहीस, तू ते मानतेयस. त्यासाठी फक्त 40डीमध्ये तुकडा असलेली, कुठलंही जनुक न दाबणारी कंट्रोल लाइन मिळते. व्हिएन्नाहून मागवलीस तर आयातीच्या परवान्यात महिने जातील. बंगळुरूच्या एनसीबीएसच्या फ्लाय फॅसिलिटीत विचार, नाहीतर देशातल्या माशीवाल्यांना एक मेल टाक. कुणाकडे तरी असतेच, आणि माशीवाले माशी द्यायला नाही म्हणत नाहीत, ही आमच्यातली फार जुनी रीत आहे. त्या लाइनचे नर तुझ्या यॉर्कीच्या व्हर्जिनना लाव. बारा दिवसांत उत्तर.

दुसरं. तुझ्या लाइनमध्ये तुकडा 30बी आणि 40डी दोन्हीकडे असेल तर ते वेगळे करता येतात. दोन्ही जागा दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या हातावर आहेत, रिकॉम्बिनेशनने, म्हणजे जोडीतली गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात त्याने, सुटतात. अर्थात मादीतून, नर माशीत ही अदलाबदल होतच नाही. एकेक नर घेऊन स्टॉक बांध, पीसीआरने चाळ, 30बी राहिलेली आणि 40डी गेलेली ठेव. दोन-अडीच महिने. तीत डोळा फुगला नाही तर तुझं म्हणणं पुरं झालं.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या लॅबमध्ये केकेच्या आणखी किती लाइन आहेत? त्यांवर आणखी कोण काम करतंय? सगळ्यांचा पीसीआर कर. जेलचा खर्च किरकोळ आहे.

आता थीसिसचं. होतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर "या जनुकाचा या यंत्रणेत हात नाही" हे आहे, आणि ते तीन वेगवेगळ्या वाटांनी सिद्ध झालेलं आहे. माझ्या हातून गेलेल्या थीसिसमध्ये असे भक्कम नकार फार थोडे होते. शोधनिबंधाचं म्हणशील तर मायक्रोपब्लिकेशन बायॉलॉजी हे नियतकालिक एकाच आकृतीचे छोटे निबंध छापतं. रीतसर परीक्षण होतं आणि नकारार्थी निष्कर्षही घेतात. मास्तरांची अट त्यात बसेल असं वाटतं, तरी तुमच्या विद्यापीठाला आधी विचार.

स्पष्ट_बोलतो यांचं चाळणीबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पण मीही माणसं निवडतो. गेल्या वर्षी एका मुलाखतीत मी मुलाला विचारलं की तुझा सगळ्यात आवडता निष्कर्ष तू कसा मोडायचा प्रयत्न केलास. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे आहे. गाईडने सांगितलं नव्हतं, परीक्षकाने मागितलं नव्हतं, तू पेपर लिहिताना स्वतः दुसरी लाइन मागवलीस. ती मागवली नसतीस तर पेपर छापून आला असता, बहुधा चांगल्या ठिकाणी, आणि मग कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या मुलीने त्यावर तिची पाच वर्षं घातली असती.

मी अशा एका पेपरवर दीड वर्ष घातलंय. म्हणून दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

द्राक्षवेल

सगळ्यांचे आभार. माशीवाले सर, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून वहीत चिकटवलं आहे. मास्तर, विद्यापीठात जाऊन आले, तुम्ही म्हणालात तसंच आहे, 2016 चीच नियमावली. नोंदणीची तारीख जानेवारी 2021 आहे, म्हणजे पाच महिने जास्त मिळाले. एक पोस्टर आधी झालंय, त्यामुळे आता एक सादरीकरण आणि एक निबंध.

स्पष्ट_बोलतो, तुमचं मत मी नीट विचारात घेतलं. दोन वर्षं बिनपगारी नवीन जनुक मला शक्य नाही, हे एक. दुसरं म्हणजे हे अर्धवट ठेवून नवीन व्हायल उघडायला माझा हातच होत नाही.

लॅबमधल्या केकेच्या 31 लाइन तपासायला घेतल्या आहेत. रोज संध्याकाळी व्हर्जिन काढून झाल्या की आठ-आठ. माश्यांचं खाणं बनवतात त्या मीडिया रूममधल्या काकांना सांगितलं की जास्तीच्या व्हायल लागतील. मक्याच्या पिठाचं पातेलं ढवळता ढवळता त्यांनी विचारलं, "परत सुरू केलंस का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बाकावर दोन ट्रे भरून ठेवले होते, बोळे लावून.

कॉलमवाली

काय झालं ते इथे येऊन सांग. मी वाट बघतेय.

द्राक्षवेल

चार आठवड्यांनी लिहितेय.

40डीची कंट्रोल लाइन दक्षिणेतल्या एका लॅबने कुरियरने पाठवली, मेल टाकल्यावर सहाव्या दिवशी. पैसे घेतले नाहीत. क्रॉस लावला, बाराव्या दिवशी माश्या निघाल्या. डोळा तसाच फुगलेला, तशाच घड्या. जुन्या फोटोशेजारी ठेवला तर कुठला कोणता हे मला सांगता येईना, आणि हे डोळे मी पाच वर्षं बघतेय. त्या फोटोसाठी मला वाईट वाटलं. तरी थोड्या वेळाने पहिल्या वेळेसारखीच कॉरिडॉरमध्ये जाऊन आले.

31 पैकी 9 लाइनमध्ये 40डी निघालं. त्यातली एक लाइन माझ्या ज्युनिअरची. ती दुसऱ्या वर्षाला आहे, नुकतीच पहिला क्रॉस मोजत होती. मी तिला जेल दाखवलं तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, "ताई, बरं झालं आत्ता कळलं."

हे सगळं घेऊन गाईडकडे गेले. सरांनी जेलचा फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाले की लॅब मीटिंगमध्ये हे तू मांड, आणि ती व्हायल बिनाक्रमांकाची राहिली ती माझी चूक, तेही मी सांगतो. खरंच सांगितलं, सगळ्यांसमोर. मला हे अपेक्षित नव्हतं. जानेवारीपासून सहा महिने प्रकल्पातून पैसे मिळतील असं म्हणालेत, पत्र अजून हातात नाही. निबंधाचा पहिला मसुदा त्यांच्याकडे आहे. रिकॉम्बिनेशनचा पहिला क्रॉस काल लावला.

आप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझी माशी खोटं बोलत होती?" मी म्हटलं, माशी खरंच बोलत होती, आम्ही तिला नाव दुसऱ्याचं लावलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "रोपवाटिकेत असं झालं तर अख्खी बाग जाते." मग छाटणीनंतरच्या पावसाचं बोलत राहिले.

उद्या सकाळी आठला ज्युनिअर येतेय. लॅबच्या सगळ्या स्टॉकवर लाइनचा क्रमांक, आल्याची तारीख आणि कुठून आली ते लिहायचंय. 412 व्हायल आहेत, आणि पुसली न जाणारी दोनच पेनं आहेत, म्हणून आत्ता दुकान बंद व्हायच्या आत निघतेय.